घरची कुंडी

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत, वसई येथें, देवळाच्या सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कोणी विद्वान गृहस्थ धर्मग्रामाचा इतिहास सांगेल, कोणी पूर्वजांच्या श्रद्धेचा गौरव करील, अशी आपली अपेक्षा असेल, आणि ती योग्यच आहे. परंतु आम्हांस येथें उभें केलें आहे तें एका अगदीं लहान विषयावर बोलण्यासाठीं. अंगणांत, गच्चीवर किंवा सज्जांत ठेवण्याजोगी कुंडी घरच्या घरीं कशी करावी, हा तो विषय होय. महोत्सवाचा आणि कुंडीचा संबंध काय, असें कोणास वाटल्यास त्यानें थोडा धीर धरावा. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

गेल्या सणाच्या आदल्या रात्रीं वेदी सजविण्यासाठीं आपल्या भगिनी जमल्या होत्या. दादरच्या फुलबाजारांतून आणलेल्या फुलांच्या जुड्या प्लॅस्टिकच्या कागदांतून सोडविल्या जात होत्या. तेव्हां एक वृद्ध बाई सहज बोलून गेल्या, “आमच्या सासऱ्यांचीं फुलें पहांटेच्या गाडीनें दादरला जात. आतां दादरचीं फुलें आमच्या देवळांत येतात.” त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, पण तें ऐकून आम्ही तेथें उभे होतों ते सगळेच गप्प झालों.

बंधुभगिनींनो, त्या बाईंनीं सांगितलें तें अक्षरशः खरें आहे. मोगरा, जाई, कागडा, चाफा हीं फुलें वसईच्या वाड्यांतून मुंबईस जात. वसईचीं पानें दूरदूरच्या बाजारांत नांवाजलेलीं होतीं. राजेळी केळ्यांचीं सुकेळीं तर आजहि आपल्या गांवाची ओळख आहेत. विहिरीवर रहाट फिरे, पाटानें पाणी वाही, आणि माणसास मातीचा वास दिवसभर सुटत नसे. पुढें विहिरींतून व कूपनलिकांतून टँकर भरभरून पाणी उपसलें गेलें, समुद्राचें खारें पाणी जमिनीखालून आंत सरलें, आणि वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. या पाण्यासाठीं व हिरव्या वसईसाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं जो लढा दिला, तो आपण विसरलों नाहीं. २०२० सालीं धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविणारे हे धर्मगुरू २०२४ सालीं देवाघरीं गेले. पण झाडासाठीं भांडणें हेंहि धर्मकार्यच आहे, ही शिकवण ते आपल्या पदरीं टाकून गेले.

या सर्वांत दोष केवळ परक्यांचा आहे, असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. आमचीहि वाडी आम्हींच विकली. मुलांचीं शिक्षणें होतीं, वांटण्या झाल्या होत्या, विहीर खारी झाली होती. कारणें खोटीं नव्हतीं. तरी सही आमचीच होती.

आतां महोत्सवाचा संबंध सांगतों. पवित्र शास्त्रांत, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत, पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे. त्यास योबेल वर्ष म्हणतात. त्या वर्षीं शिंगें फुंकावीं, भूमीस विसांवा द्यावा, आणि ज्याची जमीन गरजेपायीं गेली असेल त्यानें आपल्या वतनास परत जावें, अशी देवाची आज्ञा होती. म्हणजे पन्नासावें वर्ष हें मूळांत मातीशीं पुन्हां भेट होण्याचें वर्ष आहे. आपला धर्मग्राम आज पन्नास वर्षांचा झाला. पण आपल्यापैकीं किती जणांस आपल्या वाडीकडे परत जातां येईल? जमीन परत येणार नाहीं. मात्र मूठभर माती परत आणतां येते, आणि ती ठेवावयास जी जागा लागते, तिलाच आपण कुंडी म्हणतों.

बाजारांत तयार कुंड्या मिळतात, मग ती घरीं कां करावी? एक तर जुनीं घरें मोडतांना जें उत्तम लांकूड भंगारांत जातें, तें वांचतें. दुसरें म्हणजे आपल्या सज्जाचें माप बाजारास ठाऊक नसतें. आणि तिसरें कारण असें कीं, जी वस्तु आपण हातानें घडविली तिला पाणी घालावयास माणूस विसरत नाहीं.

प्रथम लांकडाविषयीं. जुन्या घराच्या माळ्याच्या सागवानी फळ्या मिळाल्या तर त्याहून चांगलें कांहीं नाहीं. जुना रंग असल्यास मात्र तो खरवडून मुलांच्या जवळ उडवूं नये, कारण जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तशी फळी सोडून द्यावी. सागवान नसेल तर कारखान्यांतून मालाखालीं येणारीं लांकडी पॅलेटें घ्यावीं. पण त्यांवरील छाप पाहावा. ‘एचटी’ अशीं इंग्रजी अक्षरें असतील तर तें लांकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलें असतें व तें चालतें. ‘एमबी’ अशीं अक्षरें असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूचा प्रयोग झालेला असतो. तें घरांत आणूं नये.

तीन फूट लांबीची पेटी बहुतेक सज्जांत बसते. तिला एक इंच जाडीची व सहा इंच रुंदीची फळी सुमारें बावीस फूट लागते. लांब बाजूंसाठीं छत्तीस इंचांचे चार तुकडे, आंखूड बाजूंसाठीं बारा इंचांचे चार, आणि तळासाठीं चौतीस इंचांचे दोन, असे दहा तुकडे करवतीनें कापावे. प्रत्येक बाजूस एकावर एक अशा दोन फळ्या येतात, म्हणून उंची बारा इंच होते. आंखूड बाजू लांब बाजूंच्या आंत बसवाव्या. तळाच्या फळ्या बाजूंच्या मध्यें बसतात. त्यांवर चारहि कोपऱ्यांत दोन इंच जाडीचे व अकरा इंच उंचीचे चौरस ठोकळे उभे करून बाजूंच्या फळ्या त्यांस स्क्रूनें जोडाव्या. खिळे ठोकूं नयेत. ओल्या लांकडांत खिळा ढिला होतो, स्क्रू धरून राहतो. स्क्रूहि गंज न चढणारे घ्यावे, कारण आपल्या खाऱ्या हवेंत साधें लोखंड फार दिवस टिकत नाहीं. शेवटीं तळाखालीं दोन आडव्या पट्ट्या माराव्या, म्हणजे पेटी जमिनीपासून उंच राहून खालून वारा खेळेल. बाहेरून अळशीच्या तेलाचे दोन हात द्यावे. गाडीचें जुनें काळें तेल लांकूड टिकतें म्हणून कित्येक लोक लावतात. तें मातींत झिरपतें, म्हणून तें वर्ज्य समजावें.

ज्यांस सुतारकाम साधत नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. जुन्या गोणपाटाचा तुकडा सिमेंटच्या दाट रबडींत बुडवावा, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पालथ्या बादलीवर तो पसरावा आणि तेथेंच वाळूं द्यावा. तळाशीं भोकें राहावीं म्हणून सिमेंट ओलें असतांनाच त्यांत काठीचे तुकडे खोंचून ठेवावे. सिमेंट घट्ट झाल्यावर आठवडाभर त्यावर पाणी मारावें. मात्र नव्या सिमेंटांत क्षार फार असतात. म्हणून अशी कुंडी कांहीं आठवडे पाण्यानें वरचेवर धुऊन मगच तींत झाड लावावें. हातमोजे घालण्यास विसरूं नये. ओलें सिमेंट कातडी जाळतें.

आतां ज्या गोष्टींत आम्ही स्वतः चुकलों ती सांगतों, कारण दुसऱ्याच्या चुकीवरून शिकणें स्वस्त पडतें. आमची पहिली पेटी दिसावयास इतकी सुबक झाली कीं तिच्या तळास भोकें पाडावयास हात धजेना. सज्जा ओला होईल, खालच्या मजल्यावरील मंडळी बोलतील, असाहि विचार होता. जून महिन्यांत तींत मोगरा लावला. आपल्याकडील पाऊस आपण जाणतांच. आठ-दहा दिवसांत पेटीचें डबकें झालें, मुळें कुजलीं, आणि पेटीस असा वास सुटला कीं घरांतील माणसें आमच्याकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलीं. तात्पर्य, तळास गिरमिटानें अर्ध्या इंचाचीं निदान आठ भोकें पाडावीं. मुळांस पाणी लागतें तितकीच हवाहि लागते. हवा मिळाली नाहीं तर झाड पाण्यांत उभें असूनहि मरतें.

भोकांवर विटांचे तुकडे किंवा खडीचा थर घालावा, म्हणजे पाणी चांगलें निघतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तें खरें नाहीं. बारीक माती पूर्ण भिजून जड झाल्याखेरीज पाणी तिच्यांतून खालच्या खडींत उतरत नाहीं. त्यामुळें खडीचा थर घातल्यानें चिखल मुळांच्या अधिक जवळ येतो इतकेंच. भोकावर एक खापर पालथें ठेवावें किंवा काथ्याची जाळी पसरावी, म्हणजे माती वाहून जाणार नाहीं, तेवढें पुरे.

मातीचें प्रमाण असें ठेवावें: दोन वांटे बागेची माती, एक वांटा पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक वांटा नारळाच्या काथ्याचा भुसा. या भुशांत मीठ असतें, म्हणून तो दोन-तीन वेळां गोड्या पाण्यानें धुऊन पिळून घ्यावा. वर मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कच्चें शेण कधींहि घालूं नये. तें कुजतांना तापतें व कोंवळीं मुळें भाजतात. वरचा दीड इंच पाण्यासाठीं रिकामा ठेवला तर या पेटींत साठ-पासष्ट लिटर माती मावते. ती भिजली म्हणजे पेटीचें वजन शंभर किलोंच्या घरांत जातें. म्हणून पेटी सज्जाच्या कठड्यावर कधींहि ठेवूं नये; जमिनीवर, भिंतीलगत ठेवावी, आणि इमारत जुनी असेल तर जाणकारास विचारल्याशिवाय अशा पेट्यांची रांग मांडूं नये. खालीं बशी ठेवली असेल तर ती निदान आठवड्यांतून एकदां घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डांस स्वच्छ साचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं भोकें पाडलीं. तरी झाड पुन्हां गेलें. या वेळीं पानांचे शेंडे करपले व मातीवर पांढरी खपली धरली. कारण शोधूं लागलों तेव्हां कळलें कीं आम्ही इमारतीच्या कूपनलिकेचें पाणी घालत होतों. ज्या खाऱ्या पाण्यानें आमची वाडी मारली, तेंच आम्ही झारीनें कुंडीला पाजत होतों. उपाय सोपा आहे: पावसाचें पाणी झांकणाच्या पिंपांत धरावें, तें संपल्यावर डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी वापरावें, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं एकदां गोडें पाणी इतकें घालावें कीं तें भोकांतून भरपूर वाहून जाईल व मीठ आपल्याबरोबर नेईल. येथेंहि भोकांवांचून गति नाहीं.

दोन वर्षें हात पोळल्यावर आम्ही ती पेटी मोडून टाकण्यास निघालों होतों. तेव्हां आमच्या मातोश्रींनीं, ज्या एरवीं आमच्या कामांत पडत नसत, एवढेंच म्हटलें, “आणखी एक वर्ष बघ.” आपणांस लूकच्या शुभवर्तमानांतील अंजिराचें झाड आठवेल. तीन वर्षें फळ नाहीं म्हणून धनी तें तोडावयास सांगतो, आणि माळी त्याजकडे आणखी एका वर्षाची मुदत मागतो. भोंवतालची माती खणून खत घालीन, असें म्हणतो. आमच्या मातोश्रींस अक्षरओळख बेताचीच होती, पण तो माळी त्यांस ठाऊक होता.

तिसऱ्या वेळीं माती भरत असतां त्या आंतल्या खोलींत गेल्या व कापडाची एक लहान पुरचुंडी घेऊन आल्या. वाडीची मोजणी होऊन ताबा दिला त्या दिवशीं त्यांनीं दारच्या क्रूसाजवळची मूठभर माती उचलून बांधून ठेवली होती. त्या वेळीं आम्ही त्यांस हंसलों होतों. ती माती त्यांनीं मोगऱ्याच्या मुळाशीं घातली, हात पदरास पुसले, आणि त्या आपल्या जपमाळेस बसल्या. त्या मार्चमध्यें मोगरा फुलला. पुढें दोन वर्षें मे महिन्यांत पवित्र मरियेच्या मूर्तीपुढें आमच्या घरचीं फुलें गेलीं. त्यानंतर त्या गेल्या. त्यांच्या शवपेटीवर बाजारचीं फुलें नव्हतीं. त्याच पेटींतील मोगरा होता. याहून अधिक आम्ही त्याविषयीं बोलूं शकत नाहीं.

असो. कुंडींत काय लावावें, हें देवळाच्या वर्षावरून ठरवावें, अशी आमची सूचना आहे. मोगऱ्यास रोज पांच-सहा तास ऊन लागतें. डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी करून कांहीं दिवस पाणी तोडावें, मग खत घालून पाणी सुरू करावें, म्हणजे पास्काच्या सणापासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत तो फुलत राहतो. उपवासकाळांत वेदीवर फुलें ठेवीत नाहींत. त्या दिवसांतील कळ्या घरच्या क्रूसापाशीं वाहाव्या. झेंडूचें बीं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत पेरलें तर तो नाताळास हातीं येतो. अबोली थोड्या सांवलींतहि येते व बहुतेक वर्षभर फुलते. ज्यांच्या सज्जांत ऊन कमी आहे त्यांनीं ती लावावी. नाताळापूर्वीं आठ-दहा दिवस उथळ पेटींत नाचणी पेरून मुलांकडून पाणी घालवावें. गव्हाणीचा देखावा मांडतेवेळीं हिरवेंगार शेत तयार असतें. आणि पेटीचा एक कोपरा मोकळा सोडावा. आपल्या मठाच्या बागेचा कांहीं भाग न पेरतां रानफुलांसाठीं राखावा, असें आसीसीकर संत फ्रान्सिस सांगत असत. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत ही गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे, आणि झाड लावण्यासारख्या रोजच्या लहान कृतींसहि तेथें मोठें मोल दिलें आहे. आमच्या मोकळ्या कोपऱ्यांत ओवा आपोआप आला; आतां घरांतील खोकला त्याच्या पानांवर निभतो.

शेवटीं आमची विनंती. महोत्सवाचें वर्ष संपण्यापूर्वीं प्रत्येक घरानें एक कुंडी करावी. ज्यांच्याकडे हत्यारें आहेत त्यांनीं शेजाऱ्यास द्यावीं. ज्यांची वाडी अजून शाबूत आहे त्यांनीं ज्यांची गेली त्यांस एक घमेलें माती द्यावी. प्रत्येक विभागानें वर्षांतील एकेक सण वांटून घ्यावा, आणि त्या सणास वेदीवरील फुलें त्याच विभागाच्या घरांतून यावीं. तीं दादरच्या फुलांइतकीं टपोरीं नसतील. एखाद्या वर्षीं कमीहि पडतील. परंतु तीं विकत घेतलेलीं नसतील, तीं आपण दिलेलीं असतील.

यांतून गेलेली वाडी परत येईल, असा भ्रम आम्ही धरीत नाहीं. पण ज्या लेकरानें कुंडींत बीं पेरून त्याची वाट पाहिली आहे, तें उद्यां सहीचा कागद पुढें आला असतां क्षणभर तरी थांबेल, अशी आमची आशा आहे. आम्ही थांबलों नव्हतों.

प्रभु येशूस ज्या कबरेंत ठेवलें ती एका बागेंत होती, असें योहान सांगतो. आणि पुनरुत्थानाच्या सकाळीं मरिया मग्दालेना त्यास प्रथम माळीच समजली. त्या माळ्यानें आपल्या धर्मग्रामास आणखी एक वर्ष द्यावें, आणि पुढील सणास आपल्या ओंजळी रिकाम्या नसाव्या, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.